लौकिक आणि नामसंक्षेप

'लौकिक' हा शब्द 'लोक' शब्दापासून साधलेला आहे. संस्थेची कीर्ती लोकांच्या बोलण्यात वसते. म्हणूनच १९५८ साली स्थापन झालेली मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था 'पवई' या स्थलनामानेही ओळखली जाते. महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांस जवळचे असे तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेरे येथे आहे. १९८९ च्या अधिनियमाने ते स्थापन झाले व २०१४ च्या अधिनियमाने त्यास संलग्नीकरणाचा अधिकार मिळाला. व्यवहारात त्यास 'बाटू' म्हणतात. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या इंग्रजी आद्याक्षरांत लोपते. प्रयोगशाळा व संशोधन यांनी लौकिक वाढतो खरा. परंतु तो कोणत्या नावावर जमा व्हावा, हे बोलणारेच ठरवितात.