घरी बसून शिकवते, म्हणजे वेळच वेळ?

आपल्या घरांतल्या कितीतरी मुली आणि सुना कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा हे शिकवणं मोबाइलवर आलं. पुढे कॉलेजं उघडली, तरी जादा तास आणि परीक्षेआधीची उजळणी बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवरच होते. घरच्यांना वाटतं, घरीच तर आहे, जरा भाजी निवडेल.

आम्ही शाळेत शिकवतो, पण लॉकडाऊनमध्ये हाच घोळ आम्हीही केला. म्हणून थोडा हिशेब मांडतो.

वर्गात 60 मुलं. प्रत्येकाचा गृहपाठ तपासायला 5 मिनिटं धरा. झाले 300 मिनिटं, म्हणजे 5 तास! मानधन मात्र फक्त घेतलेल्या तासिकेचं. वेळ जातो तो शिकवण्यात नाही, तपासण्यात आणि मेसेजला उत्तरं देण्यात. तेव्हा आधी हात तिथंच घालायचा.

लहान प्रश्न गूगल फॉर्मच्या क्विझमध्ये टाका, गुण तो स्वतःच देतो. हाताने तपासायचं ते दर आठवड्याला एकच मोठं उत्तर, तेही पंधरा-पंधरा मुलांचं आळीपाळीने. बाकीच्यांना नेहमी होणाऱ्या चुका एकत्र सांगितल्या तरी चालतं. गृहपाठाचे आडवे-तिडवे फोटो घेऊ नका, एकच पीडीएफ मागा. नाव पुकारून हजेरी घेण्यात सात-आठ मिनिटं सहज जातात, चॅटमध्ये रोल नंबर लिहायला सांगा. झूमची फुकटातली मीटिंग 40 मिनिटांनी बंद पडते. आम्हाला आधी राग यायचा, मग तीच सोय वाटू लागली, पाल्हाळ आपोआप कमी झालं.

मेसेजचं प्रकरण जरा नाजूक आहे. रात्री साडेदहाला "मॅडम, डाउट आहे" असं येतं, तेव्हा चिडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो अब्बा कामावरून आल्यावरच मुलीच्या हातात पडतो. म्हणून प्रश्न कधीही पाठवायची मुभा द्यावी, पण उत्तर ठरलेल्या एका तासातच द्यावं. एकच शंका चौघांनी विचारली असेल तर ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला की झालं. पहिले पंधरा दिवस मुलं कुरकुर करतात, नंतर सवय होते.

रमजानमध्ये असरनंतरचा तास शक्यतो घेऊच नये, त्याच वेळी इफ्तारची धावपळ असते. सकाळचा मागून घ्या, विभागप्रमुखांना महिनाभर आधी सांगितलं तर बहुतेक जमतं. आणि तपासण्याचे तासही वेळापत्रकात लिहून तो कागद फ्रिजवर चिकटवा. घरच्यांनाही दिसू दे की साडेअकरा ते एक दार का बंद असतं.