नवी म्हणायची ती कशावरून?

श्रावण लागला की दादरच्या भाजीबाजारात हळदीच्या पानांच्या जुड्या दिसू लागतात. नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी त्या घेऊन शिवाजी पार्ककडे परतणाऱ्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, या हळदीची रानटी भावंडे त्याच सुमारास सह्याद्रीच्या उतारांवर फुललेली असतात. आले, हळद, वेलदोडा, सोनटक्का, कुलंजन ही सारी एकाच कुलातली, म्हणजे आर्द्रक कुलातली. जगभर या कुलाच्या सुमारे पन्नास प्रजाती आणि दीड हजारांहून अधिक जाती आहेत. उष्ण प्रदेशातल्या डोंगरी जंगलांतून त्यांत अजूनही भर पडते आहे.

एका शाळेच्या विज्ञान मंडळात आम्ही या विषयावर बोललो, तेव्हा एका बाईंनी विचारले, “पश्चिम घाटात नवी जात सापडली असे आपण अधूनमधून वर्तमानपत्रात वाचतो. पण नवी म्हणायची ती कशावरून? तिथल्या माणसांना ती ठाऊक नसते का?”

ठाऊक असते, पुष्कळदा तिचे नाव आणि उपयोगही ठाऊक असतो. वनस्पतिशास्त्रात ‘नवी’ याचा अर्थ एवढाच, की १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसच्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथापासून, आजवर नियमानुसार प्रसिद्ध झालेले एकही नाव या झाडाला लागू पडत नाही. झाड सापडणे त्या मानाने सोपे. ‘हे आधी कोणी वर्णिलेले नाही’ हे सिद्ध करणे अवघड. आम्ही स्वतः त्यात एकदा तोंडघशी पडता पडता वाचलो. ती हकीकत सांगण्यापूर्वी फुलाची थोडी ओळख करून घेऊ.

वर्गात दाखवायला सोनटक्क्याचे फूल उत्तम. त्यातला जो मोठा, पांढरा, टोकाशी दुभंगलेला भाग आपण पाकळी समजतो, ती पाकळी नव्हे. खऱ्या पाकळ्या तीन. त्या अरुंद, फितीसारख्या असतात आणि मागे लोंबत असतात. या कुलाच्या पूर्वजांत सहा पुंकेसर असावेत असे मानतात. त्यांपैकी आज एकच कामाचा उरला आहे. दोन एकत्र जुळून तो मोठा ‘ओठ’ झाला, दोन पाकळ्यांसारखे होऊन बाजूला राहिले आणि एक नाहीसा झाला. आता आल्याच्या प्रजातीत, म्हणजे झिंजिबरमध्ये, बाजूचे दोन्ही भाग ओठालाच चिकटतात आणि परागकोशाचे टोक शिंगासारखे वाढून कुक्षीवृंताला कवेत घेते. हळदीच्या प्रजातीत, कुर्कुमात, छदे एकमेकांना जुळून कणसावर खिसे तयार होतात, त्यांतून फुले डोकावतात आणि शेंड्याची छदे बहुधा रंगीत तुरा धरतात. प्रजाती ओळखायला एवढे पुरते. जात ओळखायला मात्र कंद कसा आहे, आतून कोणत्या रंगाचा आहे, मुळांच्या टोकांना गाठी आहेत का, परागकोशाच्या तळाशी काटे आहेत का, पानाच्या खालच्या बाजूला लव आहे का, हे सारे बघावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. ही फुले जेमतेम दिवसभर टिकतात, आणि इतकी नाजूक व रसाळ असतात की, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून सुकवली तर कागदावर नुसता डाग उरतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे नमुने पाहावेत तर पाने शाबूत, फूल बेपत्ता! म्हणून आता फूल ताजे असतानाच मापतात, त्याचे भाग सुटे करून छायाचित्र घेतात आणि एकदोन फुले अल्कोहोलात बुडवून ठेवतात. कंद कुंडीत लावून वर्षभर पाहणे हेही या कुलाच्या अभ्यासकांचे जुने साधन आहे.

आमचीही कुंडीच होती. २००९ सालची गोष्ट. आमची पीएच.डी. नुकती झाली होती. घाटमाथ्यावरच्या एका मालकी रानातून, मालकाला विचारून, आम्ही दोघा सहकाऱ्यांनी एका रानहळदीचे चार कंद आणले आणि शिवाजी पार्कच्या घरी गॅलरीत लावले. जूनमध्ये पाने पुरती उलगडायच्या आत जमिनीलगत, पानांच्या बाजूने कणीस आले. वर गुलाबी-जांभळा तुरा, आत पिवळीधमक फुले. जुन्या ग्रंथांत हळदीच्या जातींचे मुख्य गट कणसाच्या जागेवरून पाडलेले आहेत : पावसाच्या आरंभी पानांच्या बाजूने कणीस येणाऱ्या जाती एकीकडे, आणि पुढे पानांच्या मधोमध कणीस येणाऱ्या दुसरीकडे. आम्ही पहिल्या गटात शोधत राहिलो. आमच्या घाटातली अशी पिवळ्या फुलांची जात त्या गटात मिळेना.

मग काय, आनंदीआनंद! मोजमापे झाली, चित्रे झाली. त्या काळी नव्या जातीचे वर्णन किंवा निदान तिची वेगळी लक्षणे लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. १९३५ सालापासूनचा तो नियम २०११ अखेर संपला. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, कोणतीही चालते. आम्ही लॅटिन जाणणाऱ्या एका परिचितांकडून तो परिच्छेद तपासून घेतला. नाव कोणाचे द्यायचे तेही ठरले होते. ते आता सांगण्यात अर्थ नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी झाडांना पाणी घालताना आई म्हणाली, “अहो संशोधक, तुमच्या हळदीला पुन्हा फूल आलंय. पण या खेपेला मधूनच निघालंय!”

त्याच कुंडीत, त्याच कंदातून, पानांच्या ऐन मध्यातून दुसरे कणीस वर आले होते. म्हणजे ज्या लक्षणावर आम्ही सारा इमला उभा केला, ते लक्षण नव्हतेच. तो निव्वळ ऋतू होता. मग दुसऱ्या गटात पाहिले. तिथे आमचे झाड सगळ्या अंगांनी बसत होते : कुर्कुमा सूडोमोंटाना, वर्णन १८३९, वर्णनकर्ते जे. ग्रॅहम.

हे ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची ते तयार करत होते. पुस्तक छापून पुरे होण्याआधीच १८३९मध्ये खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला, आणि उरलेले काम त्यांचे मित्र निम्मो यांनी तडीस नेले. सूचीतली वर्णने बहुधा दोनचार ओळींची. पण त्या ओळींनाच नियमाने अग्रहक्क आहे. ‘सूडोमोंटाना’ म्हणजे खोटी मोंटाना. रॉक्सबर्ग यांनी पूर्वेकडच्या डोंगरांतून वर्णिलेल्या मोंटानाशी साम्य असूनही ती वेगळी, हे ग्रॅहम यांना दिसले होते.

आमचा लेख छापून आला असता तर आकाश कोसळले नसते. हळदीच्या प्रजातीत आणखी एक फुकटचे नाव वाढले असते, आणि कोणीतरी ते पुढे खोडले असते. पण ‘पुढे’ म्हणजे किती पुढे? ग्रॅहम यांच्या त्याच सूचीत आल्पिनिया नीसाना नावाची एक वनस्पती आहे. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८५२मध्ये झिंजिबर मॅक्रोस्टॅकियम, म्हणजे मोठ्या कणसाचे आले, अशी एक नवी जात वर्णिली. दोन्ही एकच होती. तरी कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या प्रसिद्ध वनस्पतिग्रंथापासून पुढे अनेक पुस्तकांत डॅल्झेल यांचेच नाव चालत राहिले. ग्रॅहम यांचा शब्द राखून झिंजिबर नीसॅनम हे नाव १९७६ साली झाले. एकशे चोवीस वर्षे गेली! तोवर एकाच झाडाची माहिती दोन नावांखाली विखुरलेली. डॅल्झेल यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याजवळ ना छायाचित्रे होती, ना दूरच्या संग्रहातले नमुने घरबसल्या बघायची सोय.

अशा घोळावर उपाय म्हणून ‘प्ररूप’ असते. नवे नाव देताना एका विशिष्ट सुकवलेल्या नमुन्याकडे बोट दाखवावे लागते : हे नाव या नमुन्याचे. १९५८ पासून ते सक्तीचे आहे आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहात ठेवला तेही सांगावे लागते. पुढे वर्णनाबद्दल वाद झाला तर शब्दांपेक्षा तो नमुना प्रमाण. म्हणून आमच्यासारख्यांच्या फेऱ्या धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियमकडे आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे होत असतात. कॉलेजातल्या ज्या फादर ब्लॅटर यांचे नाव त्या संग्रहाला आहे, त्यांनीही १९३०च्या सुमारास कुर्कुमा इनोडोरा, म्हणजे वास नसलेली हळद, ही जात वर्णिली होती.

डीएनएने हे सगळे सुटेल असे विद्यार्थ्यांना वाटते. काही सुटते. महाबळेश्वर आणि कासच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारा चवर घ्या. त्याच्या कंदांत पिठूळ सत्त्व असते आणि त्यापासून अरारूट करीत. ग्रॅहम यांनी १८३९मध्ये त्याला कुर्कुमा कॉलिना म्हटले. बेकर यांनी १८९०मध्ये त्याला हिचेनिया प्रजातीत नेले आणि शतकभर आपण सारे हिचेनियाच म्हणत आलो. या शतकातल्या डीएनएच्या अभ्यासांनी दाखवले की, चवर हळदीच्याच घरातला. तो परत कुर्कुमा झाला आहे. पण हळदीच्या प्रजातीत गुणसूत्रांचे संच कैक पटींनी वाढलेले आढळतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या हळदीत ती ६३ आहेत, तिला बी धरत नाही आणि ती कंदावरच चालते. अशा झाडांत दोन जातींमधली रेघ नुसत्या डीएनएवरून आखता येत नाही. कुंडी लागतेच.

आणि घाई का करायची नाही, याला दुसरी बाजूही आहे. चवर जगात फक्त उत्तर सह्याद्रीत होतो हे आपण म्हणू शकतो, कारण त्याला नाव आहे आणि त्या नावाखाली कुठे सापडला याच्या नोंदी आहेत. सड्यावर रस्ता किंवा हॉटेल होताना निदान विचारता तरी येते, की इथला चवर किती गेला. ज्या जातीचे वर्णनच झालेले नाही, तिच्याबद्दल हा प्रश्न कोणाला सुचणार? आणि जी जात नाहीच, तिच्यासाठी तो विचारत बसलो तर खऱ्या जातीकडे दुर्लक्ष. बाईंना आम्ही हेच सांगितले, आणि आमच्या त्या कागदांची गोष्टही. मुलांना लॅटिन परिच्छेदापेक्षा आईचे वाक्य अधिक आवडले.

ती कुंडी अजून गॅलरीत आहे. जूनमध्ये बाजूने आणि ऑगस्टमध्ये मधून, असे दर वर्षी दोनदा फुलते. कंद वाटून आम्ही तीन शाळांना दिले आहेत. सोबत चिठ्ठी दिली आहे : दोन्ही खेपांची तारीख लिहून ठेवावी.