अवकाशयानांचे संचारक्षेत्र

पृथ्वीभोवती फिरणारी अवकाशयाने व कृत्रिम उपग्रह ज्या उंचीवरून संचार करतात, ते क्षेत्र. वातावरण संपल्यावर अवकाश सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि कमी उंचीवरील बहुतेक याने वातावरणाच्या अतिविरल अशा वरच्या थरांतच फिरत असतात.

तपांबर, स्थितांबर (सु. ५० किमी. पर्यंत) व मध्यांबर (सु. ८५ किमी. पर्यंत) या थरांत सेकंदाला सु. ८ किमी. वेगाने जाणारे यान हवेच्या रोधामुळे कक्षेत टिकू शकत नाही. त्यावरील उष्मांबर सु. ५०० ते १,००० किमी. पर्यंत पसरलेले असून आयनांबराचा मोठा भाग त्यातच येतो. तेथील तापमान १,०००° से. पेक्षा अधिक असू शकते; परंतु वायूचे कण फारच विरळ असल्याने त्यांच्यामुळे यान तापत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक (सु. ४०० किमी.) याच थरात फिरते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला सु. १ किग्रॅ. वस्तुमानाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी सु. ५०० किमी. उंचीच्या कक्षेत सोडण्यात आला. भूस्थिर उपग्रह मात्र सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असतात.

उष्मांबरातील विरल हवाही यानाची ऊर्जा हळूहळू कमी करते व त्याची कक्षा खाली येते. म्हणून अवकाश स्थानकाला वेळोवेळी वर ढकलावे लागते. सूर्य अधिक क्रियाशील असताना हा थर तापून प्रसरण पावतो व रोध वाढतो. अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये अपेक्षेपेक्षा लवकर कोसळली, ती मुख्यतः यामुळेच.

खाली येणारी वस्तू दाट हवेत तापून फुटते व तिचा बराचसा भाग जळून जातो. उष्णतारोधक भाग मात्र जमिनीवर पोहोचतात. २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी महाराष्ट्राच्या आकाशात तेजस्वी रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे धातूचे मोठे कडे पडले, परिसरात धातूचे गोलही सापडले. हे चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे तज्ञांचे अनुमान आहे.

उष्मांबराची घनता सतत बदलत असल्याने अनियंत्रित वस्तू नेमकी कोठे पडेल, हे फार आधी सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे उरलेले इंधन वापरून यान निर्जन समुद्रावर उतरविणे. भारताने ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी अशा रीतीने पॅसिफिक महासागरावर नियंत्रितपणे खाली आणला.