उपवास, मेस आणि सबमिशन

हॉस्टेलवर 'उपवास' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, केळी आणि 'आज माझ्या वाटच्या पोळ्या तू खा रे' असं सांगणारा रूम पार्टनर. पण आपल्याच विंगमधला एखादा ख्रिस्ती मित्र फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हणतो, 'माझाही उपवास चालू आहे,' आणि समोर वरण-भात-पोळी घेऊन निवांत जेवत बसतो! मग सगळे त्याची फिरकी घेतात. 'हा कसला रे तुझा उपवास?'

प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचंच उत्तर पाहू.

चाळीस दिवस म्हणजे काय?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ. वसईकडे याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. कॅलेंडरवर मोजले तर दिवस भरतात ४६. पण मधले ६ रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून चाळीस. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण.

यात 'उपवासाला चालणारे' आणि 'न चालणारे' धान्य असा भेद नाही. गहू, तांदूळ, डाळ सगळं चालतं. कॅथलिक पंथात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस खऱ्या उपवासाचे. त्या दिवशी एकच पोटभर जेवण, आणि लागलंच तर दोन वेळा थोडंसं खाणं. तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. हा नियम वयाच्या १८ पासून साठी लागेपर्यंत. शिवाय या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, तो नियम १४ वर्षांपासून. अंडी, दूध, मासे यांना नियमात बंदी नाही, पण बरीच घरं स्वतःहून त्यातलंही काही सोडतात. नगर, जालना, मिरज भागातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये असा ठरावीक नियम सहसा नसतो. कोण एक वेळ जेवतो, कोण चाळीस दिवस मटण-चिकन सोडतो. पाणी कुठेच बंद नाही आणि आजारी माणसाला बंधन नाही.

आता अडचण अशी, की राखेचा बुधवार नेहमी ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान येतो. म्हणजे दरवर्षी हा काळ बरोबर दुसऱ्या सेमिस्टरमध्ये! जर्नल, टेस्ट, प्रोजेक्ट, गॅदरिंग सगळं एकदम. आणि गडबड सुरू झाली की विद्यार्थ्याची कपात ठरलेली असते. आधी प्रार्थना जाते, मग झोप जाते, मग सकाळचा नाश्ता जातो. शेवटी उरतो फक्त कटिंग चहा आणि टेन्शन. वर उपवासाच्या नावाखाली रात्रीचं जेवण टाळलं, की बारा वाजता गेटवरचा वडापाव आहेच. याला उपवास म्हणायचं की उपासमार?

राजाची मेस आणि दानीएल

बायबलमध्ये एक गोष्ट अगदी आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. यहुदातली काही हुशार मुलं बंदी करून बाबेलला नेली होती. तिथे त्यांना तीन वर्षांचा कोर्स होता, भाषा परकी, विद्या परकी, राहणं-खाणं सरकारी. मेस थेट राजाच्या स्वयंपाकघराची! त्यात दानीएल आणि त्याचे तीन मित्र होते. राजाचं अन्न आणि द्राक्षारस आपल्या धर्माला धरून नाही, असं त्यांना वाटत होतं.

दानीएलने काय केलं ते नीट बघा. त्याने मेसवर बहिष्कार टाकला नाही की ताट भिरकावलं नाही. वरच्या अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती केली. मुलं वाळलेली दिसली तर राजा माझी मान उडवेल, अशी त्या बिचाऱ्याला भीती. मग दानीएलने देखरेखीवरच्या कारभाऱ्याला सुचवलं, दहा दिवस आम्हाला डाळी-भाज्या आणि पाणी द्या, मग इतर मुलांशी तुलना करा आणि ठरवा. म्हणजे कालावधी ठरलेला, तुलनेला दुसरा गट आणि निकालावरून निर्णय. आपल्या प्रॅक्टिकलचीच पद्धत की! दहा दिवसांनी ही चौघं जास्त टवटवीत दिसली. तीन वर्षांनी राजाने स्वतः त्यांची ओरल घेतली, त्यातही तीच पुढे.

यावरून 'शाकाहारच श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढायचा नाही. त्यांचा प्रश्न निष्ठेचा होता. पण निष्ठा सांभाळताना त्यांनी तब्येत वाऱ्यावर सोडली नाही आणि अभ्यासही सोडला नाही. काय सोडायचं हे ठरवलं, तसं त्याऐवजी काय खायचं हेही ठरवलं. आपण नेमका हा दुसरा भाग विसरतो.

चिकन सोडलं, पुढे काय?

थोडं गणित करू. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या मुलाला झाले साधारण ५० ग्रॅम. आता मेसमधूनच बेरीज करा. सहा पोळ्या १८ ग्रॅम, दोन वेळचं घट्ट वरण १०, वाटीभर उसळ ७, मोठा ग्लासभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ३. झाले ५३! (आकडे ढोबळ आहेत, आणि वरण म्हणजे वरणच, पिवळं पाणी नव्हे.) चालत असेल तर एक उकडलेलं अंडं आणखी ६ ग्रॅम देतं. नुसती साबुदाण्याची खिचडी मात्र इथे कामाची नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. त्यातलं पौष्टिक काय ते शेंगदाण्याचं कूट!

मुलींनी लोहाकडे खास लक्ष द्यावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला होता. मांस बंद केलं तर पालेभाजी, कडधान्य वाढवा आणि वर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, तो उलट काम करतो. मधुमेह, अल्सर, अशक्तपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडूच नका. मांस सोडता येत नसेल तर दुसरं काही सोडा, गेम सोडा, गॉसिप सोडा!

एलीया आणि नाइट मारणं

दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. जिवाच्या भीतीने पळून, पुरता थकून तो एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता मरण आलं तर बरं. परीक्षेच्या आदल्या रात्री असं वाटलेले आपल्यातही असतील. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला का? नाही. त्याला झोपू दिलं. दूताने उठवून भाकरी आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. पुढचं काम त्यानंतर सांगितलं.

शरीराचं शास्त्रही हेच सांगतं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. कॅफिनचं अर्धायुष्य साधारण पाच तासांचं. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला रक्तात शिल्लक असतं. आणि जेमतेम दोन टक्के वजनाचा मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्याला उपाशी ठेवून एम-थ्री सुटत नाही. उपवास हा एम-थ्रीसाठी देवाशी केलेला सौदाही नव्हे!

मग हे सगळं बसवायचं कसं?

प्रार्थनेला तासभर मिळत नाही म्हणून ती बंद करू नका. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं पुरेत, पण रोज. रविवारची उपासना किंवा मिस्सा ठरलेली असू द्या, त्यासाठी शनिवारी जर्नल पूर्ण करा. पूर्ण उपवासाचा दिवस सबमिशनच्या किंवा पेपरच्या दिवशी स्वतःहून ओढवून घेऊ नका. त्यासाठी मोकळा दिवस निवडा.

आणि वाचलेल्या पैशांचं काय? उपवास, प्रार्थना आणि दानधर्म अशी या काळाची तीन अंगं मानतात. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच खरा उपवास, असं यशया संदेष्टा सांगतो. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत 'बुहफाई थाम' नावाची प्रथा आहे. भात शिजवण्याआधी दर वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढायचे. आपल्याकडे तांदूळ नाहीत, पण मेसचा खाडा आहे! त्याचे पैसे पाकिटात टाकत चला. आपल्याच विंगमध्ये महिन्याच्या शेवटी मेस बिल भरताना ओशाळणारा कोणी ना कोणी असतो. त्याला न दुखावता ते पोहोचवता येतात.

एक विनंती रेक्टर सर, मॅडम आणि मेसवाल्या काकांना. २०२६ च्या कॅलेंडरमध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, राखेचा बुधवार १८ ला आणि रमजानची सुरुवातही त्याच आठवड्यात. एकाच कॉरिडॉरमध्ये तीन प्रकारचे उपवास! अशा तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डवर लागल्या, शुक्रवारी चिकनला पर्याय म्हणून उसळ मिळाली, सेहरीसाठी डबा काढून ठेवला गेला, तर फार मोठा खर्च येणार नाही. दानीएलच्या गोष्टीतही त्या कारभाऱ्याने ऐकून घेतलं, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

बाकी मित्र-मैत्रिणींनो, उपवास करताना तोंड पाडून फिरू नका, तोंड धुऊन प्रसन्न राहा, असं येशूनेच सांगितलंय. चाळीस दिवस अवघड वाटत असतील तर दहा दिवसांपासून सुरुवात करा. काय सोडणार, त्याऐवजी काय खाणार, कधी झोपणार, प्रार्थना कधी करणार, हे चार ओळींत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. दहा दिवसांनी स्वतःच तपासा.

बघा तर करून!