सोयींचे दरवाजे आणि सुरक्षेची तटबंदी

सोलापूर, प्रतिनिधी : ३१ जुलै २०२४ रोजी देशभरातील सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे किरकोळ डिजिटल व्यवहार एकाएकी थांबले. या बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. हा संसर्ग पुढे पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, ती पूर्ववत करण्यात आली. देशातील एकूण उलाढालीच्या तुलनेत हा वाटा फार लहान होता. पण ज्याचे एकमेव खाते अशाच बँकेत आहे, त्या दुकानदाराच्या किंवा पेन्शनराच्या दृष्टीने तो दिवस शंभर टक्के बंदचाच होता.

या हल्ल्याचे विश्लेषण करणाऱ्या क्लाउडसेक या भारतीय सायबर सुरक्षा संस्थेने जो निष्कर्ष मांडला, तो विचार करायला लावणारा आहे. हल्लेखोरांचा शिरकाव बँकेच्या तिजोरीच्या बाजूने झाला नाही. सी-एजशी संबंधित एका सहयोगी कंपनीकडे 'जेनकिन्स' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नीट बंदोबस्त न करता चालू होते आणि त्यातील एका उणिवेचा फायदा घेण्यात आला, असे या संस्थेचे म्हणणे आहे. ही उणीव जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाली होती आणि तिच्यावरील दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली होती.

ही उणीव म्हणजे मुळात एक सोय होती. जेनकिन्सला आज्ञा देताना '@' हे चिन्ह लिहून त्यापुढे एखाद्या फाइलचा पत्ता दिला, की त्या जागी फाइलमधील मजकूर आपोआप येत असे. लांबलचक आज्ञा पुन:पुन्हा टंकित करण्याचा त्रास त्यामुळे वाचे. ही सोय पहिल्यापासून चालूच ठेवलेली होती. तिच्याच आधारे बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरील फाइलींतील मजकूर वाचता येऊ लागला. दुरुस्ती करताना जेनकिन्सच्या विकासकांनी ही सोयच बंद करून टाकली. ती किती जणांना खरोखर हवी होती, हा प्रश्न आधीच विचारला गेला असता तर हा दरवाजा उघडा राहिलाच नसता.

पॅकेज म्हणजे काय?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही मोफत मिळतो. परंतु तो जसाच्या तसा संगणकावर चालत नाही. तो बांधून, आवश्यक ते इतर भाग जोडून, एका क्लिकमध्ये बसविता येईल अशा गठ्ठ्यात भरावा लागतो. या गठ्ठ्यालाच 'पॅकेज' म्हणतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारखी लिनक्सची वितरणे म्हणजे अशा हजारो पॅकेजांची भांडारे होत. ही पॅकेजे बांधणारी माणसे बहुधा मूळ सॉफ्टवेअरच्या लेखकांपेक्षा वेगळी असतात. डेबियनमध्ये तर ती प्रामुख्याने स्वयंसेवक असतात.

मूळ लेखक सॉफ्टवेअरमध्ये अनेक सोयी पर्यायी म्हणून ठेवतो. बांधणी करताना त्या घ्यायच्या की वगळायच्या, हे पॅकेज बांधणाऱ्याने ठरवायचे असते. त्याचा हा निर्णय लाखो संगणकांवर पोहोचतो आणि वापरणाऱ्याला त्याची सहसा कल्पनाही नसते.

जुन्या किल्ल्यांच्या महाद्वारात एक लहानसा दिंडी दरवाजा असे. रोजची ये-जा त्यातून होई आणि महाद्वार बंद ठेवता येई. दिंडी सोयीची खरीच. पण तिच्यावरही पहारा बसवावा लागे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी आणि खंदक पाहताना हे सहज लक्षात येते, की तट कितीही भक्कम असला तरी त्याची खरी परीक्षा दरवाजापाशीच होते. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक पर्यायी सोय ही अशीच एक दिंडी असते.

अर्ध्या सेकंदाने वाचविले

या विषयाची सर्वांत मोठी जागतिक घटना २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आली. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंता. दूरच्या संगणकात प्रवेश करून देणाऱ्या एसएसएच या सेवेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे त्यांना जाणवले. त्यांनी या विलंबाचा छडा लावला, तेव्हा फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे निष्पन्न झाले. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास संपादन केला होता आणि मग हा घात केला होता.

येथे प्रश्न असा पडतो, की फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरचा दूरप्रवेशाच्या सेवेशी संबंध काय? मूळ ओपनएसएसएचमध्ये तो नाहीच. तो पॅकेज बांधताना निर्माण झाला. आपण सुरू झालो आहोत, हे एसएसएच सेवेने 'सिस्टिमडी' या व्यवस्थापकाला कळवावे, अशी सोय डेबियन आणि फेडोरा यांसारख्या वितरणांनी स्वत:च्या जोडकामाने दिली होती. त्यासाठी सिस्टिमडीची संपूर्ण लायब्ररी जोडण्यात आली. त्या लायब्ररीला नोंदी दाबून साठविण्यासाठी एक्सझेडची लायब्ररी लागत होती. अशा रीतीने एका ओळीचा निरोप पाठविण्याच्या सोयीपायी एक परकी लायब्ररी अत्यंत संवेदनशील सेवेच्या माजघरात येऊन बसली.

सुदैवाने या आवृत्त्या प्रामुख्याने चाचणीच्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती त्यातून वाचली. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये हाच निरोप पाठविण्याचे काम कोणतीही बाहेरची लायब्ररी न जोडता करण्यात आले. सोय तीच राहिली, वाट मात्र आखूड झाली.

यापूर्वी एप्रिल २०१४ मध्ये गाजलेल्या 'हार्टब्लीड' प्रकरणाचे मूळही अशाच सोयीत होते. जोडणी जिवंत आहे की नाही, हे पाहण्याची 'हार्टबीट' ही पर्यायी सोय ओपनएसएसएलमध्ये मार्च २०१२ पासून चालू होती. तिच्यातील चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी बाहेरच्यास वाचता येत होता. बांधणीच्या वेळी ही सोय वगळण्याचा पर्याय उपलब्ध होता. ज्यांनी तो वापरला होता, त्यांना या संकटाची झळ लागली नाही.

मग सगळेच काढून टाकावे काय?

वरील उदाहरणे वाचून 'जे पर्यायी ते काढून टाका' असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मे २०२४ मध्ये डेबियनमध्ये नेमके तेच घडले. 'कीपासएक्ससी' हे पासवर्ड सांभाळणारे सॉफ्टवेअर. त्याचे पॅकेज सांभाळणाऱ्या विकासकाने विकासाधीन शाखेत त्यातील सर्व पर्यायी सोयी वगळल्या. पासवर्डच्या तिजोरीला इंटरनेट आणि ब्राउझर यांच्याशी जोडणारे धागे नकोत, अशी त्याची भूमिका होती. एक्सझेडची घटना ताजी असल्याने ती अनेकांना पटलीही.

मूळ लेखकांनी मात्र तीव्र आक्षेप घेतला. यांपैकी बऱ्याच सोयी वापरणाऱ्याने मुद्दाम चालू केल्याखेरीज सुरूच होत नाहीत, हे त्यांनी निदर्शनास आणले. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा होता. ब्राउझरची जोडणी असेल तर संकेतस्थळाचा पत्ता जुळल्यावरच पासवर्ड भरला जातो. बँकेच्या नावाने काढलेल्या बनावट पानावर तो भरला जात नाही. ही जोडणी नसेल तर माणूस पासवर्ड हाताने उचलून कोठेही चिकटवितो. ज्यांनी आपली तिजोरी युबिकी या हार्डवेअर किल्लीने बंद केली होती, त्यांच्या दृष्टीने तर ती किल्ली ओळखणारी सोय काढणे म्हणजे स्वत:च्याच घराबाहेर कोंडून पडणे होते. अखेर एक आटोपशीर आणि एक परिपूर्ण अशी दोन स्वतंत्र पॅकेजे देण्याचा मार्ग निघाला.

काढून टाकण्यातही धोका असतो, याचा सर्वांत बोलका दाखला २००८ मधला आहे. तपासणीच्या साधनाकडून येणाऱ्या इशाऱ्यांना कंटाळून डेबियनच्या पॅकेजातील ओपनएसएसएलमधून काही मजकूर २००६ मध्ये वगळण्यात आला होता. वरवर तो निरुपयोगी भासत होता. प्रत्यक्षात त्यामुळे किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली आणि एका प्रकारच्या किल्लीचे केवळ ३२,७६८ पर्याय उरले. मे २००८ मध्ये ही बाब लक्षात येईपर्यंत जगभर अशा कमकुवत किल्ल्या वाटल्या गेल्या होत्या. पॅकेज बांधणाऱ्याने मूळ लेखकाशी पुरेसा विचारविनिमय न करता कात्री चालविली, की काय होते, याचा हा धडा होता.

पर्यायी कोणासाठी?

या वादाला भाषेचीही एक बाजू आहे आणि ती मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत मात्र जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची जुळणी करणारे स्वतंत्र यंत्र लागते. फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या काळातील लिनक्स आवृत्त्यांत हे काम करणारा 'पँगो' हा भाग पर्यायी होता. तो जोडलेला नसेल तर मराठी मजकुराची अक्षरश: मोडतोड होत असे. फेडोराने तो जोडूनच फायरफॉक्स दिला; पण त्यामुळे ब्राउझर मंदावतो म्हणून तो बंद करण्याचे उपायही त्या काळी सांगितले जात. इंग्रजी वाचणाऱ्याला जे ओझे वाटत होते, ती मराठी वाचणाऱ्याची गरज होती.

मार्च २०१६ मध्ये हाच प्रश्न सुरक्षेच्या अंगाने पुढे आला. गुंतागुंतीच्या लिपींच्या मांडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ग्रॅफाइट' या लायब्ररीत गंभीर उणिवा आढळल्या आणि मोझिलाने फायरफॉक्स ४५.०.१ मध्ये ती बंद केली. बहुतांश मराठी फाँट तिच्यावर अवलंबून नसल्याने मराठी वाचकांना फरक जाणवला नाही. परंतु ज्या भाषांचे फाँट केवळ तिच्यावर चालत, त्यांची वाट अडली. उणिवा दूर केल्यानंतर त्याच वर्षी फायरफॉक्स ४९ मध्ये ती पुन्हा चालू करण्यात आली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येणाऱ्या सोलापूरसारख्या शहराला यातील मर्म सांगावे लागू नये. बहुसंख्यांना न लागणारी सोय अल्पसंख्यांचे सर्वस्व असू शकते.

मधला मार्ग

अनुभवातून आता काही पद्धती रूढ झाल्या आहेत. पहिली म्हणजे विभागणी : मूळ पॅकेज लहान ठेवायचे आणि जादा सोयी वेगळ्या पॅकेजांत द्यायच्या. दुसरी म्हणजे अवलंबित्वाची प्रतवारी. डेबियनमध्ये एखाद्या पॅकेजाला 'लागणारी', 'शिफारस केलेली' आणि 'सुचविलेली' अशी इतर पॅकेजे नोंदविलेली असतात. पहिल्या दोन प्रकारची आपोआप बसतात. पण शिफारस केलेली नकोत, असे सांगण्याची मुभा असते. जेंटू या वितरणात तर कोणती सोय घ्यायची, हे बांधणीच्या वेळी वापरणाराच ठरवितो. तिसरी पद्धत म्हणजे एखादी लायब्ररी सुरुवातीलाच न जोडता खरोखर गरज पडेल तेव्हाच उघडणे. चौथी आणि सर्वांत साधी म्हणजे सोय द्यायची, पण बंद अवस्थेत.

सोय ठेवण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्नही स्पष्ट आहेत. ही सोय बाहेरून आलेला मजकूर वाचते काय? तिच्यासोबत आणखी किती लायब्ररी आत येतात आणि त्या कोण सांभाळतो? उणीव निघाल्यास ती एकटी बंद करता येईल काय? आणि ती काढल्यास लोक तिच्याऐवजी अधिक धोक्याचा मार्ग तर धरणार नाहीत ना?

हे प्रश्न केवळ परदेशातील स्वयंसेवकांसाठी नाहीत. सहकारी पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये, निर्यातदारांची कार्यालये यांच्यासाठी सर्व्हर उभारून देणारे शहरातील तरुण अभियंतेही तयार पॅकेजे बसवितात, तेव्हा त्यांच्या नकळत हेच निर्णय घेत असतात. काय बसविले आहे याची यादी ठेवणे, न लागणाऱ्या सेवा बंद करणे आणि दुरुस्त्या वेळेवर घेणे, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. जेनकिन्सची दुरुस्ती जानेवारीत आली होती. बँका जुलैत बंद पडल्या. मधल्या सहा महिन्यांत तो दरवाजा लावून घेण्यास कोणीही मज्जाव केलेला नव्हता.