परदेशी भंगार, देशी भट्टी

चेन्नईच्या अण्णा नगरमधल्या एखाद्या गृहिणीने गंजलेली बादली, तुटका झारा किंवा मुलाची जुनी सायकल विकायला काढली, की ती 'कायलान कडै'त जाते. तामिळमध्ये भंगाराच्या दुकानाला हेच नाव आहे. कायलपट्टिनम या दक्षिणेकडच्या बंदरगावातील व्यापाऱ्यांवरून ते पडले, असे म्हणतात. आपल्याकडे हाच माल भंगारवाला तराजूत टाकतो, भावासाठी दोन मिनिटे घासाघीस होते आणि घरातली अडगळ कमी झाली म्हणून आपण मोकळे होतो.

अण्णा नगरमध्ये 1968 साली मोठा आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मेळा भरला होता. त्यासाठी उभारलेला मनोरा आजही तेथील बागेत आहे. भंगाराच्या व्यापारासाठी मात्र कोणी मनोरे बांधत नाही, आणि तरी हा व्यापार साऱ्या जगाला व्यापून आहे. अमेरिका हा भंगार विकणारा मोठा देश, तर तुर्कस्तान सर्वांत मोठा गिऱ्हाईक. एकटा तुर्कस्तान वर्षाला सुमारे 2 कोटी टन लोखंडी भंगार बाहेरून आणतो. मोडलेल्या मोटारी, पाडलेल्या पुलांचे खांब, रेल्वेचे रूळ, कारखान्यातले कात्रण, सारे काही जहाजावर चढते. भारतही मोठा खरेदीदार आहे.

आपल्याकडे लोहखनिजाच्या खाणी असताना बाहेरचे गंजके लोखंड कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर हिशेबात आहे. एक टन भंगार वितळवून पोलाद केले, तर सुमारे 1,400 किलो लोहखनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते. शिवाय खनिजापासून पोलाद करायला प्रचंड कारखाना लागतो, तर भंगार वितळवायला विजेवर चालणारी भट्टी पुरते. लोखंडाचा आणखी एक गुण असा, की ते कितीही वेळा वितळवले तरी लोखंडच राहते. देशात जुन्या मोटारी व यंत्रे मोडीत निघून पुरेसे भंगार जमत नाही, म्हणून ते बाहेरून आणावे लागते.

जालन्याची सळई

महाराष्ट्रात या व्यापाराचे खरे दर्शन घडते ते जालन्यात. बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव घरबांधणीच्या सळईसाठीही तितकेच ओळखले जाते. ना जवळ समुद्र, ना खनिजाची खाण. तरीही न्हावाशेवा बंदरात उतरलेले कंटेनर शेकडो किलोमीटर रस्ता कापून येथील औद्योगिक वसाहतीत येतात. येथे भट्टीचे सर्वांत मोठे खाणे म्हणजे वीज: एक टन माल वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. त्यामुळे विजेच्या दरात चार-आठ आण्यांचा फरक पडला, तरी मालकाच्या कपाळावर आठी पडते. वितळलेल्या रसाच्या लाद्या ओततात, त्या पुन्हा तापवून रोलिंग मिलमध्ये लाटतात, आणि तीच सळई पुढे कुणाच्या तरी नव्या घराच्या छतात जाते. ती मुळात परदेशातील मोटारीचा सांगाडा होती, हे घरमालकाला ठाऊकही नसते. ठाऊक असण्याचे कारणही नाही, पण माल नीट तपासलेला असेल तरच.

भंगारात काय दडले असेल?

30 सप्टेंबर 2004 रोजी उत्तर प्रदेशातील गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात बाहेरून आलेल्या भंगारात न फुटलेला तोफगोळा निघाला. स्फोटात 10 कामगार ठार झाले. त्यानंतर देशात ठिकठिकाणच्या भंगारात असाच दारूगोळा सापडत गेला. युद्ध कुठल्या देशात झाले आणि जीव कुणाचा गेला! मग सरकारने नियम कडक केले: तुकडे न केलेले भंगार ठरावीक बंदरांतूनच यावे आणि जहाजावर चढण्यापूर्वी तपासणीचा दाखला असावा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टची बटणे किरणोत्सारी असल्याचे आढळले. तेथील सुमारे 20 कामगारांना सर्वसामान्य माणसासाठी ठरवलेल्या वार्षिक मर्यादेहून अधिक किरणोत्सार झाला होता. बटणे भारतातून गेलेली होती. माग काढत तपास रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळच्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. तेथे वितळवलेल्या भंगारात कोबाल्ट-60 मिसळले होते. रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारासाठी वापरले जाणारे हे द्रव्य टाकाऊ यंत्राबरोबर भंगारात गेले, तर लोखंडात असे विरघळते की वेगळे काढता येत नाही. त्याचा जोर निम्मा व्हायलाच सव्वापाच वर्षे लागतात.

मेक्सिकोत असेच 1983 साली घडले होते. उपचाराच्या टाकाऊ यंत्रातील कोबाल्ट भंगारात गेले आणि त्याच्या सळया झाल्या. जानेवारी 1984 मध्ये सळया घेऊन जाणारा ट्रक अमेरिकेतील लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळून वाट चुकून गेला, म्हणून तेथील यंत्रांनी इशारा दिला. तोवर त्या सळया घरांच्या बांधकामात गेल्या होत्या; काही घरे पाडावी लागली. वाट चुकली नसती तर?

आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात एकाचा बळी गेला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र लिलावात विकले गेले होते. विकणाऱ्यांनी आत काय आहे ते पाहिले नाही आणि घेणाऱ्याला ते कळण्याची सोय नव्हती. भंगार फोडणारा माणूस हातोडा व गॅस कटर घेऊन बसतो, अंगावर जुना सदरा असतो. त्याला त्या पिवळ्या त्रिपात्री खुणेचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

बंदरांवर किरणोत्सार ओळखणाऱ्या कमानी उभारल्या गेल्या आहेत, त्यांखालून कंटेनर नेले जातात. पण मायापुरीचा माल कोणत्याही बंदरातून आलेला नव्हता. तो शहरातूनच निघाला होता. म्हणून प्रयोगशाळा, रुग्णालय किंवा कारखाना चालवणाऱ्यांनी अशी यंत्रे लिलावात काढण्याआधी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवले पाहिजे. आणि घरच्या भंगारात शिशाने मढवलेला, आकाराच्या मानाने फार जड असा अनोळखी डबा आढळला, तर तो उघडू नये, भंगारवाल्यालाही देऊ नये. दूर उभे राहून पोलिसांना बोलवावे.