फिरती घरे व भाड्याची घरे : गुंतवणूक

अल्प भांडवल असलेल्या व्यक्तीने राहण्याची जागा विकत घेऊन ती भाड्याने देणे व त्यातून नियमित उत्पन्न मिळविणे, हा गुंतवणुकीचा जुना व सर्वत्र आढळणारा प्रकार होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रकारात पक्क्या घरांबरोबर फिरत्या घरांचाही, म्हणजे ज्यांना तेथे ‘मोबाइल होम’ म्हणतात त्या कारखान्यात तयार झालेल्या घरांचाही, समावेश होतो. फिरते घर स्वस्त असते आणि किमतीच्या मानाने त्याचे भाडे अधिक येते. मात्र त्याखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याची असते. त्याच्या मूल्यमापनातील बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

मोटारीमागे जोडून नेण्याचे ट्रेलर हे या घरांचे मूळ रूप. रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांमुळे त्यांची रुंदी सु. ८ फुटांपर्यंत मर्यादित असे. १९५०–६० या दशकाच्या मध्यास विस्कॉन्सिनमधील उत्पादक एल्मर फ्रे यांनी १० फूट रुंदीची घरे प्रचारात आणली, तेव्हापासून ही घरे प्रवासासाठी नसून कायम वास्तव्यासाठी आहेत हे स्पष्ट झाले. १९७४ च्या कायद्यान्वये ठरविलेली बांधकामाची व सुरक्षिततेची मानके १५ जून १९७६ पासून देशभर लागू झाली. १९८० मध्ये कायद्यातील ‘मोबाइल होम’ हे नाव बदलून ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ असे करण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. वास्तविक एकदा बसविलेले घर क्वचितच हलते, कारण ते उचलून दुसरीकडे नेऊन बसविण्यास हजारो डॉलर लागतात. १९७६ पूर्वीचे घर तर अनेक वसाहती स्वीकारीत नाहीत व त्यावर कर्जही सहसा मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी घर कोणत्या वर्षी तयार झाले हे पाहणे आवश्यक ठरते.

कोणत्याही भाड्याच्या घराचे मूल्यमापन ढोबळ भाड्यावरून न करता नक्त उत्पन्नावरून करावे लागते. वर्षाच्या भाड्यातून घर रिकामे राहण्याचा काळ, कर, विमा, डागडुजी व व्यवस्थापन यांचा खर्च वजा करून राहिलेल्या रकमेचे खरेदी किमतीशी जे शेकडा प्रमाण पडते, तो परताव्याचा दर होय. कर्जाचा हप्ता या हिशेबात धरीत नाहीत, त्याचा विचार मागाहून करतात. उदा., २०,००० डॉलरला घेतलेले एक फिरते घर दरमहा ८०० डॉलर भाड्याने दिले आणि ते वर्षातून एक महिना रिकामे राहिले, तर ८,८०० डॉलर हाती येतात. वसाहतीच्या मालकाला जागेचे भाडे दरमहा ४०० डॉलरप्रमाणे ४,८०० डॉलर द्यावे लागते, घर रिकामे असले तरी ते चुकत नाही. कर व विम्याचे ९०० आणि डागडुजीचे १,३०० डॉलर वजा जाता १,८०० डॉलर, म्हणजे ९ टक्के परतावा उरतो. याउलट १,२०,००० डॉलरचे जमिनीसह घर दरमहा १,२०० डॉलर भाड्याने दिले, एक महिन्याचे भाडे बुडाले व इतर खर्च ६,००० डॉलर झाला, तर ७,२०० डॉलर किंवा ६ टक्के परतावा मिळतो. येथवर फिरते घर सरस ठरते.

परंतु या हिशेबात दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. पहिली घसारा. प्राप्तिकराच्या कामी घसाऱ्याला खर्च मानतात व १९८६ च्या कायद्यानुसार भाड्याच्या निवासी इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत वजा करता येते, जमिनीची मात्र करता येत नाही. व्यवहारात उलट घडते : इमारत झिजली तरी जमिनीची किंमत वाढून ती तूट पुष्कळदा भरून निघते. फिरत्या घराला असा आधार नसतो. वरील घर दहा वर्षांनी १०,००० डॉलरला विकले जाईल असे धरले, तर दरसाल १,००० डॉलर घटून खरी मिळकत ८०० डॉलर, म्हणजे ४ टक्के उरते. दुसरी गोष्ट जागेच्या भाड्यातील वाढ. ते दरसाल ५ टक्क्यांनी वाढले व भाडेकरूकडून तितकी वाढ वसूल झाली नाही, तर चौथ्या वर्षी जागेपोटी ७५७ डॉलर अधिक द्यावे लागतात आणि मिळकत ४३ डॉलरवर येते. घर हलविता येत नसल्याने वाढ नाकारण्याचा मार्गही मालकाला नसतो.

कर्जाची बाजूही प्रतिकूल आहे. जमिनीविना असलेले घर कायद्याने बहुधा जंगम मालमत्ता ठरते व त्यावरील कर्जाचा व्याजदर स्थावर तारणाच्या कर्जापेक्षा अधिक, मुदत कमी असते. पक्क्या घराच्या बाबतीतही ६ टक्के परताव्यासाठी ७ टक्के व्याजाने पैसे उचलणे, हे केवळ किमतीच्या वाढीवर लावलेले दान होय. १९९०–२००० या दशकात फिरत्या घरांना सैल हाताने कर्जे दिली गेली. १९९८ मध्ये सु. ३,७३,००० घरे कारखान्यांतून बाहेर पडली. त्याच वर्षी कॉन्सेको या विमा कंपनीने ग्रीन ट्री ही या क्षेत्रातील मोठी कर्जसंस्था विकत घेतली व डिसेंबर २००२ मध्ये कॉन्सेको दिवाळखोरीत गेली. २००९ मध्ये घरांची संख्या सु. ५०,००० पर्यंत घसरली. कर्ज थकल्याने जप्त झालेली घरे अल्प किमतीत मिळू लागल्याने छोटे गुंतवणूकदार आकर्षित झाले, पण स्वस्ताईमागचे कारण सर्वांनी तपासले असे दिसत नाही. मोठ्या भांडवलदारांचा ओढा वसाहतींच्या जमिनीकडे राहिला. सॅम झेल यांच्याशी संबंधित इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज ही कंपनी याचे ठळक उदाहरण होय.

जागेचे भाडे कायद्याने बांधले गेल्यास हे गणित पालटते. कॅलिफोर्नियातील अनेक शहरांनी असे नियंत्रण घातले आहे. एस्कोंडिडो शहराच्या नियंत्रणाविरुद्ध वसाहतमालकांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळला. भाडे रोखले की तो लाभ घराच्या विक्रीकिमतीत उतरतो व नव्या ग्राहकाला जुन्या घरासाठी भरमसाट किंमत मोजावी लागते. मुंबईतील पागडीचे स्वरूप असेच आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले गेले. चाळमालकाला डागडुजी परवडेना आणि जागेचे खरे मोल पागडीच्या रूपाने भाडेकरूच्या हाती गेले. या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल ४ टक्के भाडेवाढ व पागडी या दोहोंस मान्यता दिली. जुनी चाळ वा तिच्यातील खोली विकत घेणाऱ्याने म्हणूनच भाडे किती येते याआधी ते वाढविण्याचा हक्क कोणाकडे आहे हे पाहावे लागते.

अमेरिकेत घरमालकांनी एकत्र येऊन वसाहतीची जमीनच विकत घेण्याचा उपायही योजला गेला. न्यू हॅम्पशर राज्यातील मेरेडिथ येथे १९८४ मध्ये १३ कुटुंबांनी सहकारी संस्था स्थापून आपली वसाहत खरेदी केली. पुढे त्या राज्यात व इतरत्र अशा अनेक संस्था निघाल्या. त्यांत जागेचे भाडे सभासद स्वतःच ठरवितात. मात्र घर विकत घेऊन ते परस्पर भाड्याने देण्यावर अशा संस्था बहुधा निर्बंध घालतात, त्यामुळे बाहेरच्या गुंतवणूकदारास तेथे फारसा वाव राहत नाही.